रुपराव पटकन बोलू लागले

"वहिनी, कसे आहेत आमचे रुपराव?" कळमन्याच्या संत्रा मंडीतल्या नानाजींनी विचारलं आणि गोपिकेनं नेहमीचं उत्तर दिलं, "आराम आहे भाऊजी. काही तक्रार नाही त्यायची." हे सांगायला तिला आता विचार करावा लागत नसे. कोणीतरी यायचं, खुर्ची ओढायचं, पलंगावरच्या माणसाकडे एकदा बघून नजर काढून घ्यायचं आणि मग तिच्याकडे तोंड करून हाच प्रश्न विचारायचं. उत्तर ठरलेलं होतं, येणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. पण आज तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत मागून आवाज आला, "आराम काय खाक आहे! डावा पाय दुखून राहिला सकाळपासून. हिचं लक्षच नाही." नानाजींनी दचकून दाराकडे पाहिलं. गोपिकेनंही पाहिलं. आपल्या घरात हा कोण पुरुष शिरला, असं तिला क्षणभर खरोखरच वाटलं. मग दोघांची मान एकदमच पलंगाकडे वळली. रुपराव होते तसेच होते, उशांना टेकलेले, मानेला पट्टा, दोन्ही हात चादरीवर कोणी आणून ठेवावेत तसे. हलत होते ते फक्त डोळे, समोर लोखंडी दांडीवर बसवलेल्या नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर. नानाजी मोठ्यानं हसले, "अरे बापा, हा तर आपला रुपराव बोलला गा!" आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. गोपिका उठली, चादर बाजूला केली, डावा पाय उचलून त्याच्याखाली उशी सरकवली. पाय गार होता. सकाळी तिनंच तो ओल्या फडक्यानं पुसला होता, तेव्हा त्या पायात काही दुखत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. "आता बरं वाटते का?" तिनं विचारलं आणि सवयीनं पुढचंही बोलायला लागली, "वाटते, आता..." "अजून थोडा वर घे," आवाज म्हणाला.

आवाज त्यांचाच होता, फक्त तो इतक्या पटकन येतो याची तिच्या कानाला अजून सवय झाली नव्हती. तो मुद्दाम जपून ठेवला होता. दुखणं सुरू झालं तेव्हा धंतोलीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, की मेंदूपासून हातापायांकडे, जिभेकडे जाणाऱ्या नसा एकेक करून काम सोडत जातील, डोळे बहुधा शेवटपर्यंत राहतील, आणि डोकं तर साबूतच राहील. तेव्हा त्यांची मुलगी उन्नती हैदराबादहून आली होती. ती तिकडे एका कंपनीत नोकरीला होती. बाबा कळमन्याच्या मंडीत संत्र्याचा लिलाव पुकारायचे, तिनं तिथल्या लोकांच्या मोबाइलमधले त्या लिलावाचे व्हिडिओ गोळा केले, त्यातला बाबांचा आवाज वेगळा काढला आणि तो कम्प्युटरमध्ये भरला. पडद्याखाली एक लहानसा कॅमेरा लावला. तो डोळ्यांकडे बघायचा. ज्या अक्षरावर नजर थांबेल ते अक्षर उमटायचं, मग कम्प्युटर पुढचे शब्द सुचवायचा, त्यातला एक नजरेनं निवडायचा, वाक्य झालं की ते बाबांच्या आवाजात ऐकू यायचं. सांगायला सोपं होतं. पण घरातला कम्प्युटर उन्नतीच्या कॉलेजच्या वेळचा. डोळे बघ, शब्द शोध, आवाज बनव, ही तिन्ही कामं एकदम अंगावर आली की तो घरघरायला लागायचा, त्याची पाठ तव्यासारखी तापायची आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहायचं. रुपरावांनी वाक्य पुरं केल्यावरसुद्धा ते बाहेर पडायला इतका वेळ लागायचा, की आलेला माणूस छताकडे बघायचा, पंख्याकडे बघायचा, मग गोपिकेकडे बघायचा. अशा वेळी ती त्याच्या मदतीला जायची. "त्यायचं म्हणणं आहे का तुम्ही जेवून जा." "ते म्हणतात, पोरगी कशी आहे." पाहुण्याचा चेहरा मोकळा व्हायचा. तो तिच्याशी बोलायला लागायचा, आणि कम्प्युटरमधून खरं वाक्य यायचं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा विषय होऊन गेलेला असायचा. रुपराव मग डोळे मिटून घ्यायचे. त्याला ती "थकले" म्हणायची.

नवा लॅपटॉप उन्नतीनं मागच्या पंधरवड्यात आणला. तिनं सगळं बसवून दिलं आणि बाबांच्या पलंगाशी बसून तो एवढा पटकन कसा चालतो तेही सांगितलं. गोपिका पलीकडे धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत ऐकत होती. उन्नती म्हणाली, "आतापर्यंत काय होतं बाबा, बहुतेक कंपन्या बाजारातून कम्प्युटरचा तयार मेंदू, म्हणजे चिप, विकत आणायच्या आणि आपापल्या डब्यात बसवायच्या. तो सगळ्यांसाठी एकसारखाच असायचा, कोणाचं काय काम आहे ते त्याला माहीतच नसायचं. आता हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं आपला मेंदू आपणच आखला आहे. कोणती कामं करायची ते आधी ठरवलं, मग त्या कामांच्या मापानं तो केला. चित्राचा भाग वेगळा, आवाज आणि शब्द ओळखायचा भाग वेगळा. आणि सगळ्यांची आठवण एकाच जागी ठेवली. पहिले एका भागातून दुसऱ्या भागात सगळं उचलून न्यावं लागायचं, त्यातच अर्धा वेळ जायचा." रुपरावांचे डोळे पडद्यावरून सरकले आणि आवाज आला, "म्हणजे हमाली वाचली." उन्नती टाळी वाजवून हसली. ट्रकमधून ओट्यावर, ओट्यावरून काट्यावर, काट्यावरून गोदामात, संत्र्याचा माल तीन वेळा हातात घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी थोडा दबतो, हे ते पूर्वी घरी येऊन नेहमी सांगायचे. गोपिकेला मात्र ब्लाउज आठवला. तयार ब्लाउज कोणाच्याही अंगाला कसाबसा बसतो, मापाचा ब्लाउज एकीलाच बसतो. एवढं तिला कळलं. पण रुपराव हसवत होते, उन्नती हसत होती, आणि तिच्या हातातली चादर पुन्हा पुन्हा उलटी घडी होत होती, ते का, हे तिला कळलं नाही.

तिला लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवायचा. नवऱ्याचं काम बघायला म्हणून ती सासूबरोबर कळमन्याला गेली होती. पारशिवनीजवळच्या खेड्यातून आलेली मुलगी, तिनं एवढी संत्री एका जागी कधी बघितली नव्हती. ढिगामागे ढीग, आणि त्यांच्यामधून चालणारा तिचा नवरा, मागे माणसांचा घोळका, आणि त्याचं तोंड. तो काय बोलत होता यातलं तिला अक्षरही कळलं नाही. भाव, नाव, शिवी, थट्टा, पुन्हा भाव, सगळं एका श्वासात. ढिगासमोर उभं राहून समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि त्यानं म्हणायच्या आत आपण म्हणून टाकायचं, यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मंडीत कोणी नव्हता. घरीही ते तसेच होते. ती "आज मी" म्हणायची, ते म्हणायचे, "जा ना माहेरी, कोण अडवून राहिलं." ती "मले वाटते" म्हणायची, ते म्हणायचे, "तुले वाटते ते चूक आहे." मारहाण नाही, दारू नाही, कशाची कमी नाही. फक्त तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं वाक्य कधी टोकापर्यंत गेलं नाही. तिला त्याचं दुःख होतं असंही नव्हतं. काही बायकांच्या घरात पाणी चढत नाही, काहींच्या घरात ऊन येत नाही, तसं तिच्या घरात बोलायला जागा नव्हती, एवढंच. मग एका सकाळी लिलावात त्यांची जीभ "संत्रा" शब्दावर घसरली. लोक हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरली. आणि मग ती घसरतच गेली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल कोणाला काय सांगायचं, हेच गोपिकेला कळत नसे. लोक म्हणायचे, काय बिचारीच्या नशिबी आलं. आलं होतंच. नळीतून पोटात अन्न घालायचं, कूस बदलायची, झोपताना नाकावर श्वासाचा मास्क बांधायचा, लाळ पुसायची. पण त्यातच दुसरंही एक आलं होतं, त्याला नाव नव्हतं. ती काही विचारायची, त्यांचे डोळे अक्षरांवरून फिरू लागायचे, चक्र फिरू लागायचं, आणि प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे एक लांबच लांब रिकामी जागा उघडायची. आधी आधी ती त्या जागेत गप्प बसायची. मग एक दिवस ती बोलायला लागली. पेंच नदीच्या पात्रातल्या कलिंगडाच्या वाड्या, भावाच्या लग्नात पळून गेलेली गाय, उन्नती पोटात असताना पडलेली स्वप्नं. कोणी मधे तोडत नव्हतं. स्वतःचा आवाज इतका वेळ सलग चालताना ऐकून तिला पहिल्यांदा लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. आणि शेवटी उत्तर यायचं तेही कसलं गोड. जुन्या कम्प्युटरला पुस्तकातलीच मराठी येत होती. रुपराव दोन अक्षरं उमटवायचे आणि तो जे सुचवील ते थकून घेऊन टाकायचे. म्हणून त्यांच्याच आवाजात यायचं, "गोपिका, कृपया मला पाणी दे." "गोपिका, खिडकी उघडशील का?" "धन्यवाद." पहिल्यांदा "धन्यवाद" ऐकला तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली होती, आणि मग डबे उगीचच इकडचे तिकडे करत राहिली होती. असा नवरा तिला आधी कधी मिळाला नव्हता. तो हळू होता, विचार करून बोलायचा, तिचं ऐकून घ्यायचा. त्याच्या अंगातलं एकेक बळ जात होतं आणि तिचा जीव त्याच्यात जास्तच गुंतत होता, हे बरोबर आहे का, असं ती देवाला विचारायची आणि देवाच्याही वतीनं स्वतःच उत्तर द्यायची.

नव्या लॅपटॉपमध्ये उन्नतीनं बाबांची बोली भरून दिली होती. आता "कृपया" नव्हतं. आता "पंखा कमी कर वं, काहून एवढा सोडून ठेवला?" होतं. त्यांचे डोळे एका अक्षराला टेकले न टेकले की पडद्याच्या तळाशी तीन वाक्यं तयार व्हायची, एकावर नजर थांबली की ती बोलली जायची. आतल्या पंख्याची घरघर नाही, चक्र नाही, लॅपटॉप तापतसुद्धा नव्हता. सकाळपासून ते मंडीतल्या लोकांना फोन लावायला सांगायचे. नानाजी मोबाइल ढिगासमोर धरायचे आणि रुपराव पलंगावरून माल बघून सांगायचे, "वरचा माल दाखवून राहिला तो, खालचा काढाले लाव." घरात माणसं यायला लागली, हसायला लागली. सगळे म्हणायचे, वहिनी, तुमचं नशीब उघडलं. ती चहा करायची. कोणी आता तिच्याकडे तोंड करून विचारत नव्हतं. एकदा तिनं सवयीनं एका पाहुण्याला सांगितलं, "त्यायले हे गाणं लई आवडते," तर लॅपटॉप म्हणाला, "मले नाही आवडत. हिले आवडते." पाहुणा हसला. तीही हसली. पण वर्षानुवर्षं ती ते गाणं त्यांच्या उशाशी लावत आली होती, आणि ते डोळे मिटून पडून राहायचे, आणि तिला वाटायचं की दोघं मिळून ऐकताहेत. तिनं दुपारभर मनातल्या मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला, की आपण त्यांच्या नावानं काय काय बोललो, कोणाकोणाला काय सांगितलं, त्यातलं किती त्यांचं होतं. ते जमेना. जिथं आपलं संपतं आणि त्यांचं सुरू होतं ती जागाच सापडेना.

याच गोंधळात ती त्यांना घेऊन धंतोलीला तपासणीला गेली. चाकाच्या खुर्चीला दांडी, दांडीवर लॅपटॉप. डॉक्टर मॅडमनी श्वासाची तपासणी केली, कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची रुपरावांच्या समोर ओढून बसल्या. म्हणाल्या, "श्वास आणखी कमी झालाय. मास्कवर काही महिने निघतील. पुढं गळ्याला छेद देऊन कायमचं श्वासाचं मशीन लावावं लागेल. त्यानं आयुष्य वाढेल, पण मशीन दिवसरात्र राहील, घरी सांभाळावं लागेल. काही लोक घेतात, काही नको म्हणतात. ऐन वेळी धावपळीत ठरवण्यापेक्षा आताच ठरवा." गोपिकेला यात ठरवायचं काय आहे तेच कळलं नाही. "मॅडम, जे लागन ते करा, त्यायची काही..." "नको," रुपराव म्हणाले. इतक्या पटकन, की तिचं वाक्य आणि तो शब्द एकमेकांवर आदळले. मॅडमनी विचारलं, "नक्की?" "नको म्हटलं ना." गोपिकेचे कान गरम झाले. ती खुर्चीच्या पुढे आली, पडदा आणि मॅडम यांच्या मधे. "ते मशीन आपल्या मनानं बोलते मॅडम. ते आधीच शब्द देते वर. यायनं नुसतं पाहिलं तरी बोलून टाकते." तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. मॅडमनी एकदा तिच्याकडे, एकदा रुपरावांकडे पाहिलं. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "घरी बोला तुम्ही दोघं. पुढच्या आठवड्यात या."

घरी बोला. गोपिकेनं आधी उन्नतीला फोन लावला. "त्यात नको हा शब्द पहिला येते का वं?" उन्नतीला आधी कळेना. मग म्हणाली, "आई, बाबा जे जास्त वेळा निवडतात ते ते वर आणतं. दिवसभर ते कशाकशाला नको नको म्हणतात, तर नको वर येत असेल." "म्हणजे त्यायनं म्हटलं का त्यानं?" "बाबांनीच ना आई. ते फक्त पुढं करतं. निवडायचं काम बाबांचं." "पण पुढं केलं नसतं तर? जुन्यावर त्यायनं असं म्हटलं असतं का?" गोपिकेनं विचारलं. "जुन्यावर," उन्नती म्हणाली, "त्यांनी म्हणेपर्यंत तूच उत्तर दिलं असतंस." तिनं ते चिडून म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर गोपिका बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. दूध उतू गेलं, ते तिनं पुसलं, पुन्हा तिथंच पुसलं.

दुपारी रुपरावांचा डोळा लागला होता. खिडकीवर ओला पडदा टाकलेला, खोलीत वाळ्याचा वास. तिनं दांडीवरचा लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवला आणि त्याच्यासमोर बसली. कॅमेऱ्याला तिचे डोळे सापडले. पडद्यावरचा ठिपका थोडा अडखळला आणि मग ती बघेल तिकडे जाऊ लागला. तिला भीती वाटली. कोणीतरी आपला हात धरून आपल्याच घरात फिरवावं तसं ते होतं. तिनं "म"कडे पाहिलं. "म" उमटला, आणि लगेच खाली तीन वाक्यं आली. मले पाणी दे. मले नको. मले झोपू दे. हे त्यांचं मन आहे का, असं तिला वाटलं. वर कोणतं, खाली कोणतं, हे बघत गेलं तर त्या माणसाच्या आत काय काय साठलंय ते कळेल का? ती तिसऱ्या वाक्याकडे बघत राहिली. तिला फक्त ते वाचायचं होतं. पण नजर थोडी जास्त थांबली असणार. खोलीत रुपरावांचा आवाज मोठ्यानं म्हणाला, "मले झोपू दे."

रुपरावांचे डोळे उघडले. आपलाच आवाज आणि आपण न बोललेलं वाक्य ऐकून माणसाच्या डोळ्यांत काय येतं, ते तिनं पाहिलं. ती चोरी पकडल्यासारखी उठली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "माझ्या आवाजात काय बोलून राहिली?" त्यांनी विचारलं. "काही नाही. पाहून राहिली होती, कसं होते ते." "तू तर इतकी वर्षं तेच केलं," ते म्हणाले. "आवाज तेवढा नव्हता तुझ्यापाशी." तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. "मग काय करत मी? लोकाईनं यायचं, तुमच्याकडे पाहून तोंड फिरवायचं, मी काय मुकी बसू? तुमचं एक वाक्य यायले जीव जाये. मी बोलली म्हणून तुम्ही या घरात जिवंत होते." "हो." "आणि आता तोंड फुटलं तर पहिलं काय म्हटलं? नको! मले विचारलं?" "माझा गळा आहे." "आणि तो पुसते कोण?" "म्हणूनच नको म्हणून राहिलो," ते म्हणाले. "तू कुठं जात नाही, कुठं येत नाही. रात्रंदिवस मशीन चालन, तू त्याच्याजवळ बसशीन. किती वर्षं?" "मी म्हटलं का तुमाले, मले कुठं जायचं आहे? तुम्हीच विचारता, तुम्हीच सांगता. पहिलेही तसंच करत होते." प्रत्येक उत्तर लगेच येत होतं. तिला दम लागला होता आणि त्यांना लागत नव्हता, हा अन्याय तिला सहन होईना. "तुम्ही हळू होते तवा बरे होते," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो ते. "मनानं चांगले होते. धन्यवाद म्हणत."

"ते मी नव्हतो. ते कम्प्युटरचे शब्द होते."

"मग मी कोणासंगं होती एवढे दिवस?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. खाली तीन वाक्यं तयार होती, ती गेली, दुसरी तीन आली, तीही गेली. ठिपका एका अक्षरावर जायचा, निघायचा, दुसऱ्यावर थांबायचा, उमटलेलं अक्षर पुसायचा. लॅपटॉप गार होता, गप्प होता, त्याचं काहीच अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते त्यांचं. या माणसाला शब्द सापडत नाही, असं तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि तिला आता हेही कळेना, की मागे प्रत्येक वेळी कम्प्युटरच अडत होता का, की त्यातल्या काही वेळा हेच असे अडले होते आणि आपल्याला त्यातला फरक कळला नाही. बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. मग एकेक अक्षर जोडून, सुचवलेलं काहीही न घेता, त्यांनी वाक्य पुरं केलं. "तुझ्या भावानं तुझी चप्पल कालव्यात टाकली. मग पुढं काय झालं?"

तिला काही उमगेना. "कोणती चप्पल?" "तू सांगितलं अर्धं. नानाजी आले, राहून गेलं. लई दिवस झाले." तिनं डोकं धरलं. कधी सांगितलं असेल? त्या रिकाम्या जागेत तिनं काय काय टाकलं होतं, तिचं तिला आठवत नव्हतं. तिला वाटायचं, ती आपल्यापाशीच बोलते. आणि हे इथं पडून सगळं ऐकत होते, कुठं काय अर्धं राहिलं तेही लक्षात ठेवत होते. मग गाणं आवडत नव्हतं ते का ऐकलं? पाय दुखत होता तर जुन्या कम्प्युटरवर तेवढा एक शब्द का नाही म्हटला? की म्हटला होता, आणि तेव्हा ती बोलत होती? "सांग ना," ते म्हणाले. "काय सांगू," ती म्हणाली, "मी चप्पल काढाले पाण्यात उतरली. भाऊ भेला. तो रडत घरी गेला आणि सांगून टाकलं का गोपी वाहून गेली. सारा गाव कालव्यावर आला आणि मी पुलाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा खाऊन राहिली होती." आणि मग तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू. रुपरावांच्या तोंडाचा एक कोपरा, ज्यात अजून थोडी हालचाल उरली होती, तो हलला.

भांडण त्यानं मिटलं नाही. पुढचे सगळे दिवस ते चालूच राहिलं, सकाळी अंग पुसताना, नळीतून पेज घालताना, मास्क बांधताना. ती म्हणायची, घ्या मशीन. ते म्हणायचे, नको. ती म्हणायची, मी थकली नाही. ते म्हणायचे, खोटं बोलू नको. ती पाठ करून फडकं पिळायला लागायची, कारण ते खोटंच होतं. मग ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहायचे. कधी ती मधेच थांबून विचारायची, "हे तुम्ही म्हटलं का त्यानं?" आणि ते चिडून तेच वाक्य पुन्हा एकेका अक्षरानं लिहायचे. एकदा तिनं शेजारच्या दिपालीला त्यांच्याजवळ बसवलं आणि एकटीच निघाली. सीताबर्डीला गेली, व्हरायटी चौकात गर्दीत उभी राहिली, काहीही न घेता मेट्रोनं परत आली. त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "माहीत नाही. पाय दुखले." पण त्या गर्दीत उभी असताना तिच्या मनात आलं होतं, की गळ्याला छेद घेऊन पडून राहायचं नसेल एखाद्याला, तर ते त्याचं खरंही असू शकेल. त्याच्या खऱ्यापुढं आपण आपली माया उभी करतो आहोत, ती माया आहे की सवय? परतीच्या गाडीत ती ठरवून टाकत होती आणि पुढच्या स्टेशनाला ते पुसून टाकत होती.

आठवड्यानं ती पुन्हा त्याच खोलीत होती. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मग, काय ठरलं तुमचं?" गोपिकेनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला. या वेळी त्यांचं वाक्य मधे तोडायचं नाही, त्यांच्या मनाविरुद्ध काही म्हणायचं नाही, एवढं तिनं पायऱ्या चढताना पक्कं केलं होतं. रुपरावांचे डोळे पडद्यावर गेले. आणि ती बोलली. त्याच क्षणी तेही बोलले.

"त्यायले नको आहे मॅडम. नका लावू."

"लावा. मले पाहिजे."

दोन्ही वाक्यं एकदमच सुरू झाली, एकदमच संपली. मॅडमचं पेन हवेत राहिलं. "मागच्या वेळी तर उलट होतं," त्या म्हणाल्या. गोपिकेनं त्यांच्याकडे पाहिलं, ते आधीच तिच्याकडे बघत होते. "काहून हो?" तिनं विचारलं. "तू काहून नको म्हटलं?" त्यांनी विचारलं. मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि खुर्ची रुपरावांच्या अगदी समोर नेली. "तुम्ही सांगा. तुमचं काय?" ते पडद्याकडे वळले. खाली तीन वाक्यं आली असणार, गोपिकेनं या वेळी ती वाचली नाही, ती खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहिली. "लावा," आवाज म्हणाला. "आमचं बोलणं अर्धं राहिलं आहे." मॅडमनी लिहून घेतलं. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. मशीन कसं असतं, घरी काय काय लागेल, हे सगळं नर्स समजावून सांगेल, असं त्या म्हणाल्या.

गाडीत खुर्ची चढवून झाली, दार लागलं, गाडी धंतोलीतून बाहेर पडली. गोपिका त्यांच्या शेजारी बसली होती. तिला आनंद झाला होता का? झाला असावा. भीतीही वाटत होती, आणि मघाशी आपण "नको" म्हटलं ते खरं होतं की त्यांचं म्हणून म्हटलं, हे विचारायला गेलं की आतून दोन-दोन उत्तरं येत होती. त्यांनी "लावा" म्हटलं ते स्वतःसाठी की तिच्यासाठी, हे तर तिला कधीच कळणार नव्हतं, आणि विचारलं तर ते पटकन काहीतरी सांगून टाकतील, याचीच तिला धास्ती होती. सिग्नलला गाडी थांबली. ऊन काचेतून त्यांच्या हातावर पडलं, तिनं आपला पदर त्यावर ओढला. रुपरावांचे डोळे पडद्यावर फिरायला लागले. "गोपिका," आवाज म्हणाला, "मी काहून..."

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी सांगते."

ते थांबले. पडद्यावरचा ठिपका एका जागी उभा राहिला. काय सांगायचं ते तिला अजून माहीत नव्हतं. तिनं बोलायला सुरुवात केली.